लाटसाहेबांची भाकरी

‘लॉर्ड’ हा इंग्रजी शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येते? इतिहासाच्या पुस्तकातले लॉर्ड डलहौसी आणि लॉर्ड कर्झन येतात. लंडनमधले लाल गाद्यांचे हाउस ऑफ लॉर्ड्‌स येते. क्रिकेटवेड्यांना लॉर्ड्‌सचे मैदान आठवते. पण त्या मैदानाचा उमरावांशी काही संबंध नाही. ते उभारणाऱ्या थॉमस लॉर्ड या गृहस्थांच्या आडनावावरून त्याला ते नाव पडले. एकंदरीत लॉर्ड म्हणजे बडी असामी, उंची कपडे, मोठा वाडा आणि हाताखाली नोकरांची फौज, असेच चित्र आपल्या मनात असते.

मराठीने हा शब्द फार पूर्वीच आपलासा केला. इंग्रजांच्या राज्यात गव्हर्नर जनरल म्हणजे ‘लाटसाहेब’ आणि सरसेनापती म्हणजे ‘जंगी लाट’. राज्य गेले, लाटसाहेब गेले, पण शब्द घराघरांत राहिला. सुट्टीत घरी गेल्यावर आठ वाजेपर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या मुलाला आजी विचारते, “तू काय मोठा लाटसाहेब लागून गेलास?” म्हणजे मराठीत लाटसाहेब कोण, तर जो स्वतः काडी हलवत नाही आणि ज्याला सगळे हातात आणून द्यावे लागते तो. (पोळी लाटण्याशी किंवा समुद्राच्या लाटेशी या लाटाचे काही नाते नाही. पण पोळीचा विषय पुढे निघणारच आहे.)

आमच्या ग्रंथालयात इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड कोश आहे. त्यात हा शब्द पाहिला आणि मी चकितच झालो. लॉर्ड या शब्दाचा मूळ अर्थ ना राजा, ना धनी, ना सेनापती. त्याचा मूळ अर्थ आहे ‘भाकरीचा राखणदार’.

हे समजून घ्यायला साधारण हजार-बाराशे वर्षे मागे जावे लागते. त्या काळातल्या इंग्रजीला ‘जुनी इंग्रजी’ म्हणतात. ती आजच्या इंग्रजीपेक्षा इतकी वेगळी आहे की आज इंग्लंडमधल्या मुलांनाही ती परक्या भाषेसारखी शिकावी लागते. त्या भाषेत भाकरीला किंवा पावाला ‘ह्लाफ’ म्हणत. आपल्या ‘आह्लाद’ शब्दात ह आणि ल जसे जोडून येतात, तसाच हा उच्चार. पुढे सुरुवातीचा ह गळून पडला आणि ह्लाफचा ‘लोफ’ झाला. आपण दुकानात पावाचा लोफ मागतो, तो हाच. दुसरा शब्द ‘वेआर्ड’, म्हणजे राखणारा. या दोहोंचा समास ‘ह्लाफवेआर्ड’. बोलता बोलता त्याचा ‘ह्लाफोर्ड’ झाला, मग ‘लॅव्हर्ड’, ‘लोव्हर्ड’ अशी रूपे आली आणि शेवटी उरला ‘लॉर्ड’. आपल्याकडे उपाध्यायचे पाध्ये आणि गोस्वामीचे गोसावी झाले, तसाच हा प्रकार. शब्दही नाण्यासारखे हाताळून झिजतात. झिजलेल्या नाण्यावरचा छाप दिसत नाही, तसे लॉर्ड या शब्दातली भाकरी आता इंग्रजांनाही दिसत नाही.

‘वेआर्ड’ मात्र आपल्या वसतिगृहात रोज भेटतो. वॉर्ड, वॉर्डन आणि मेसमधला स्टुअर्ड या सगळ्यांत तोच आहे. स्टुअर्ड म्हणजे मुळात घर राखणारा. शाळेच्या फाटकावरचा ‘गार्ड’ हाही त्याच कुळातला. फरक एवढाच की तो फ्रेंच भाषेतून फिरून इंग्रजीत आला, म्हणून त्याच्या तोंडी व ऐवजी ग आहे. तेव्हा वॉर्डन, गार्ड आणि लॉर्ड ही एकाच आडनावाची तीन भावंडे आहेत असे म्हणायला हरकत नाही.

आता ‘लेडी’कडे वळू. हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘ह्लॅफडिये’ असा होता. त्यातही पहिली भाकरीच आहे. दुसऱ्या भागाचा अर्थ मळणारी. म्हणजे लेडी ही भाकरीचे पीठ मळणारी. कणकेच्या गोळ्याला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, तो शब्द याच मुळातून आला. ‘डेअरी’ या शब्दाची सुरुवातही तिथूनच, कारण घरात पीठ मळणारी जी कामकरी बाई, तिच्याकडेच पुढे दूधदुभते आले. गंमत म्हणजे हे मूळ संस्कृतातही आहे. ‘दिह्‌’ धातूचा अर्थ लिंपणे, माखणे. त्यावरून ‘देह’ हा शब्द झाला, लिंपून आकार दिलेला तो देह. ‘संदेह’ आणि ‘संदिग्ध’ हेही त्याच धातूचे, कारण माखलेली गोष्ट स्पष्ट दिसत नाही. इंग्लंडमधली लेडी आणि आपला देह यांचे असे लांबचे नाते असेल, असे कुणाला वाटले असते?

राखणारा आणि मळणारी झाली, मग खाणारा कोण? त्यालाही शब्द होता. तो म्हणजे ‘ह्लाफॅता’, भाकरी खाणारा. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केंट राज्यात इ. स. 600 च्या सुमारास एथेलबर्ट राजाने कायदे लिहून घेतले. इंग्रजी भाषेत लिहिलेले ते सगळ्यात जुने कायदे. त्यात एक कलम असे आहे की साध्या शेतकऱ्याच्या घरच्या ‘भाकरी खाणाऱ्या’ माणसाला कुणी मारले, तर मारणाऱ्याने सहा शिलिंग भरपाई द्यावी. म्हणजे घरातला गडी हा कायद्याच्या भाषेत त्या घरची भाकरी खाणारा होता. घराची सगळी घडी त्या एका भाकरीभोवती होती: एक राखतो, एक मळते आणि बाकीचे खातात.

भाकरी राखायची म्हणजे काय, असा प्रश्न पडेल. आज धान्य दुकानात मिळते, त्यामुळे ते कळत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये वर्षातून एकदा पीक यायचे आणि पुढे लांबलचक हिवाळा असायचा. कणग्यांतले धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचे. चोर, शत्रू, उंदीर, ओल या सगळ्यांपासून ते जपायचे आणि सगळ्यांना पुरेल असे मापून द्यायचे. राखणारा चुकला, तर हिवाळा संपायच्या आत माणसे मरत. नव्या गव्हाची पहिली भाकरी 1 ऑगस्टला देवळात नेऊन तिला आशीर्वाद घेत. त्या सणाचे नाव ‘ह्लाफमॅसे’. तेच पुढे ‘लॅमस’ झाले. तेव्हा भाकरीचा राखणदार ही काही लहान पदवी नव्हती. तो घरातला सगळ्यात जबाबदार माणूस होता.

आपल्या भाषांतही हेच दिसते. संस्कृतात धन्याला ‘भर्ता’ म्हणतात, म्हणजे भरणपोषण करणारा. मराठीतला ‘भ्रतार’ त्याच्यापासूनच आला. आणि नोकराला ‘भृत्य’ म्हणतात, म्हणजे ज्याचे पोषण करायचे तो. लॉर्ड आणि ह्लाफॅता यांची जोडी जशीच्या तशी इथे आहे. मराठीत तर याहून गोड शब्द आहे, ‘पोशिंदा’. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी मोठ्या माणसासाठी सारख्याच विचाराचे शब्द घडवले. मोठेपणा त्यांनी तलवारीवरून किंवा सिंहासनावरून नाही, तर ताटावरून मोजला.

आपण कॅडेट असल्यामुळे आणखी एक शब्द पाहायलाच हवा. जुन्या इंग्रजीची एक चुलत भाषा होती गॉथिक. चौथ्या शतकात तिच्यात बायबलचे भाषांतर झाले. त्यात ‘सहसैनिक’ या अर्थी ‘गाह्लाइबा’ हा शब्द आला आहे. ‘गा’ म्हणजे सह आणि ‘ह्लाइफ्स’ म्हणजे भाकरी. एका भाकरीतले जे, ते एका फौजेतले. लॅटिनमध्येही असाच शब्द आहे: ‘कॉम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. त्यावरून ‘कंपॅनियन’ झाला आणि त्यावरूनच ‘कंपनी’. पलटणीतली अल्फा कंपनी, ब्राव्हो कंपनी म्हणजे मुळात एकत्र जेवणारी माणसे. ‘सोल्जर’ हा शब्द मात्र ‘सोलिडस’ या रोमन सोन्याच्या नाण्यावरून आला आहे, म्हणजे पगार घेणारा. पगाराने सोल्जर होता येते, पण कंपनी व्हायला एका पंगतीत बसावे लागते.

या भाकरीच्या नात्याची कसोटी युद्धात कशी लागे, हे एका लढाईवरून कळते. ऑगस्ट 991 मध्ये व्हायकिंग लोक जहाजांतून इंग्लंडच्या एसेक्स भागात, मॉल्डन गावाजवळ आले. एसेक्सचा प्रमुख बिर्टनोथ त्यांच्यासमोर उभा राहिला. व्हायकिंगांनी खंडणी मागितली. ती त्याने नाकारली. मधल्या खाडीतून ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी एक चिंचोळी वाट होती. ती त्याने शत्रूला ओलांडू दिली आणि लढाईत तो मारला गेला. तेव्हा गॉड्रिक नावाचा त्याचाच एक माणूस धन्याच्या घोड्यावर बसून पळाला. लांबून लोकांना वाटले, धनीच पळतो आहे, आणि फळी फुटली. पण काही जण हलले नाहीत. धन्याच्या घरी बाकांवर बसून खाता-पिता ज्या शपथा घेतल्या, त्यांची एकाने सगळ्यांना आठवण करून दिली. मग ते धन्याच्या मृतदेहापाशी लढत राहिले. त्यांत सरदार होते, तसा एक साधा शेतकरीही होता. या लढाईवर जुन्या इंग्रजीत एक काव्य आहे. त्याची मूळ प्रत 1731 च्या आगीत जळाली, पण त्याआधी कुणीतरी उतरवून ठेवल्यामुळे ते वाचले. त्याची सुरुवात आणि शेवट तर आधीच हरवले होते.

हे वाचताना मराठी मुलाला जुलै 1660 ची घोडखिंड आठवल्याशिवाय राहत नाही. ‘लाख मेले तरी चालतील, पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे पोशिंद्याला विशाळगडावर पोहोचवण्यासाठी बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे खिंडीत उभे राहिले. मॉल्डनला धनी आधीच पडला होता. दोन्हीकडे माणसांच्या मनातला शब्द मात्र एकच होता. त्यांनी आपल्या नेत्याला राजा किंवा सरदार म्हणून नव्हे, तर आपले पोषण करणारा म्हणून ओळखले होते.

पण या नात्याला दुसरी बाजूही आहे. भाकरी ज्याच्या हाती, सत्ताही त्याच्याच हाती. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण काही निष्ठेचे कौतुक करत नाही, लाचारीला टोमणा मारते. राखणदाराला हळूहळू वाटू लागते की भाकरी आपलीच आहे. मग कुंपणच शेत खाऊ लागते. लॉर्ड या शब्दाच्या बाबतीतही असेच घडले. राखणारा मालक झाला, मालकाचा उमराव झाला आणि उमरावाला भाकरीशी काही देणेघेणे राहिले नाही. आज इंग्रजीत हा शब्द क्रियापद म्हणून वापरला की त्याचा अर्थ ‘दुसऱ्यावर हुकमत गाजवणे’ असा होतो. आपल्याकडे आला तेव्हा तर तो अंथरुणात लोळणारा लाटसाहेब झाला. जो सगळ्यांना खाऊ घालायचा, त्यालाच आता सगळे आणून देतात. एखादा शब्द इतका उलटा फिरलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

मूळ शब्दात ‘वेआर्ड’ आहे, ‘मालक’ नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याचे कारण आमच्या मेसमध्ये आहे. एका टेबलावर आम्ही दहा जण बसतो. वरच्या टोकाला सीनियर, खालच्या टोकाला सगळ्यात लहान. डोंगा वरच्या टोकाकडून निघतो. मी लहान होतो तेव्हा आमच्या टेबलावर एक सीनियर होते. चिकनच्या दिवशी डोंगा खाली येईपर्यंत त्यात नुसता रस्सा उरायचा. आम्ही खालचे तिघे काही बोलत नसू. बोलणार कुणाला? पोळी रश्शात बुडवायची आणि प्रेपला पळायचे. पुढच्या सत्रात टेबल बदलले. नवे सीनियर पहिल्याच दिवशी म्हणाले, “डोंगा खालून वर येऊ दे.” खेळाच्या मैदानावर ते फार कडक होते, फॉलइनला अर्धा मिनिट उशीर झाला तरी सोडत नसत. पण डोंगा वर येईपर्यंत ते हात जोडून बसत. कधी कधी त्यांच्या वाट्यालाही रस्साच येई. त्या वर्षी त्यांनी क्रॉस कंट्रीला सांगितले की आमचे टेबल जीव तोडून पळे. मला तेव्हा यामागचे कारण शब्दांत सांगता आले नसते. आता एक शब्द मिळाला आहे.

कुणी म्हणेल, ही जेवणाची गोष्ट, तिचे एवढे काय? पण मोठ्या माणसांनी ती कधी लहान मानली नाही. शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणकडे पावसाळ्यासाठी तळ ठोकलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. त्यात युद्धाचे डावपेच नाहीत. दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशी मापून खर्च करा, आत्ताच उधळली तर ऐन पावसात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे आणि भाजी उचलून आणाल आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, म्हणून रात्री दिवा ठेवू नका, इथपर्यंत सूचना आहेत. स्वतःच्या फौजेपासूनही रयतेची भाकरी राखणारा राजा! ‘ह्लाफवेआर्ड’ या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला सांगता येणार नाही.

शेवटी एका खऱ्याखुऱ्या जंगी लाटाची गोष्ट सांगतो. 10 डिसेंबर 1932 रोजी डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीचे रीतसर उद्घाटन झाले. त्या वेळचे भारताचे सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांनी भाषण केले. त्या भाषणातला एक भाग आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसे आणि स्वतःचे सुख व सुरक्षितता सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी, असा त्याचा अर्थ. त्याच अकादमीतल्या चेटवुड हॉलमध्ये तो आजही कोरलेला आहे. चेटवुड त्या दिवशी पदाने जंगी लाट होते आणि 1945 मध्ये त्यांना बॅरन करण्यात आले, म्हणजे ते किताबानेही लॉर्ड झाले. त्यांनी त्या तरुणांना जे सांगितले, ते लॉर्ड या शब्दाच्या पोटात हजार वर्षे दडून बसलेलेच होते: राखणारा शेवटी जेवतो.

आमच्या वर्गातल्या बहुतेकांना दोन वर्षांत एन.डी.ए.ची परीक्षा द्यायची आहे. कुणी निवडला जाईल, कुणी नाही. पण टेबल सांभाळण्याची पाळी त्याआधीच येणार आहे. पुढच्या सत्रापासून एका टेबलाच्या वरच्या टोकाला मी बसणार आहे. खांद्यावर पट्टी नसली तरी माझ्या हाताखाली नऊ जण असतील आणि त्यांतले तिघे-चौघे घर सोडून पहिल्यांदाच आलेले असतील. त्यांना जुन्या इंग्रजीचा धडा देण्याचा माझा विचार नाही. डोंगा खालच्या टोकाकडून निघेल, एवढे मात्र मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे.